लाल विंचू आणि पेशीतला मध्यस्थ

परभणीच्या शेतशिवाराला लाल विंचू नवा नाही. त्याच्या दंशाने जीव जातो तो बहुधा शरीराच्या स्वतःच्याच अ‍ॅड्रेनलिनसारख्या रसायनांच्या लोंढ्यामुळे. विष चेतातंतूंमधले सोडियमचे मार्ग उघडे ठेवते आणि हा लोंढा सुटतो. गंमत म्हणजे अ‍ॅड्रेनलिन पेशीत शिरतच नाही. रक्तवाहिनीच्या स्नायूपेशीवरच्या अल्फा-१ रिसेप्टर या ग्राही प्रथिनाला ते बाहेरून चिकटते. रिसेप्टरचा आकार बदलतो, आतल्या बाजूचे जी-प्रथिन जीडीपी हा रेणू सोडून जीटीपी हा रेणू धरते, त्याचे घटक विलग होतात आणि एका विकरामार्फत पेशीतले कॅल्शियम मोकळे होऊन स्नायू आवळतो. रक्तदाब चढतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते.

तेच अ‍ॅड्रेनलिन श्वासनलिका मात्र सैल करते, कारण तिथल्या बीटा-२ रिसेप्टरमागे वेगळ्या जातीचे जी-प्रथिन असते. एकाच रसायनाचे असे उलटे परिणाम जी-प्रथिन या मध्यस्थामुळेच समजतात. त्याच्या शोधासाठी गिलमन आणि रॉडबेल यांना १९९४चे नोबेल मिळाले. शेजारच्या जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडला विंचूदंशावर प्राझोसिनची गोळी वापरली, ती अल्फा-१ रिसेप्टरच अडवते. प्रतिविष असताना ही गोळी कशाला, हा आक्षेप रास्त आहे. बावस्करांच्याच २०११च्या ७० रुग्णांच्या चाचणीत दोन्ही मिळालेले रुग्ण नुसत्या प्राझोसिनवाल्यांपेक्षा लवकर बरे झाले. माझ्या मते तरीही गोळीची गरज उरतेच: प्रतिविष विष निकामी करते, आधीच सुटलेले अ‍ॅड्रेनलिन नाही. गोळीनंतर रुग्णाला आडवेच ठेवतात, कारण वाहिन्या सैल पडून दाब एकदम उतरू शकतो.