एका झाडावरून वाडीचे मोल ठरत नाही

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर या पट्ट्यातील नारळ-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या केल्या. घरांची कौले आणि दुकानांचे पत्रे उडाले. अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. पोफळ लावल्यापासून उत्पन्न देऊ लागेपर्यंत पाच-सात वर्षे जातात. त्यामुळे ज्यांचे घर वाडीवर चालत होते त्यांची, आणि ज्यांचे दुकान वाडीवाल्यांच्या खरेदीवर चालत होते त्यांचीही पुढची काही वर्षे त्या एका दुपारी पालटली. छपरासाठी, नव्या मालासाठी, मुलांच्या शुल्कासाठी रोख पैसा तातडीने हवा होता.

अशा वेळी श्रीवर्धनच्या पेठेतील दोन शेजारी दुकानदारांची कल्पना करावी. दोघांनी जानेवारी २०२० च्या आरंभी प्रत्येकी तीन लाख रुपये म्युच्युअल फंडाच्या क्षेत्रीय योजनेत गुंतवले. एकाने बँक क्षेत्रात, दुसऱ्याने औषधनिर्माण क्षेत्रात. मार्चमध्ये महामारीच्या भीतीने सारा बाजार कोसळला. २३ मार्च रोजी व्यवहार पाऊण तास थांबवावे लागले आणि सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी घसरला. पुढे औषध कंपन्या वेगाने सावरल्या. वादळाच्या दिवशी औषधनिर्माण निर्देशांक वर्षारंभीच्या पातळीच्या वर होता, तर बँक निफ्टी सुमारे एक तृतीयांश खाली होता. म्हणजे एका शेजाऱ्याच्या हाती तीन लाखांचे जवळपास दोनच लाख उरले आणि दुसऱ्याची रक्कम वाढली. दोघांची समज, कष्ट आणि नियत मात्र सारखीच होती.

क्षेत्रीय फंडात पैसा केव्हा घालावा आणि केव्हा काढावा, हा प्रश्न म्हणूनच केवळ हौशी मंडळींचा नाही. त्याचे उत्तर शोधताना बाजारातील जाणकार ज्या साधनाचा आधार घेतात त्याला ‘मार्केट ब्रेड्थ’ म्हणतात. मराठीत त्याला बाजाराची व्याप्ती म्हणता येईल. हे साधन काय सांगते आणि काय सांगत नाही, हे घरातील पैशाचा कारभार पाहणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे.

वाडी फिरून पाहणारा व्यापारी

कोकणातील व्यापारी वाडीचे उत्पन्न मक्त्याने घेताना रस्त्यालगतच्या लगडलेल्या झाडावरून बोली करत नाही. तो आत शिरतो, ओळीने फिरतो आणि किती झाडे धरली आहेत, किती रिकामी आहेत हे मोजतो. चार झाडे भरघोस आणि साठ झाडे रिकामी असतील तर त्या वाडीचे वर्ष चांगले म्हणता येत नाही.

निर्देशांक हे रस्त्यालगतचे झाड आहे. सेन्सेक्समध्ये ३० कंपन्या आणि निफ्टीत ५०. त्यातही मोठ्या कंपन्यांचे वजन अधिक. निर्देशांक चढला तरी बाजारातील बहुसंख्य कंपन्या चढल्या असे त्यातून सिद्ध होत नाही. व्याप्ती मोजणे म्हणजे वाडी फिरून झाडे मोजणे. त्याच्या तीन सोप्या रीती आहेत.

पहिली रीत चढ-उताराच्या मोजणीची. आज किती समभाग कालच्या भावाच्या वर बंद झाले आणि किती खाली, ही संख्या दोन्ही शेअर बाजार रोज प्रसिद्ध करतात. चढलेल्यांतून उतरलेले वजा करून येणारा आकडा रोज मागील बेरजेत मिळवत गेले की एक रेषा तयार होते. निर्देशांक नवा उच्चांक गाठत असताना ही रेषा खाली झुकत असेल, तर तेजीचा भार मोजक्या खांद्यांवर आहे असे समजावे.

दुसरी रीत सरासरीची. प्रत्येक समभागाच्या गेल्या २०० दिवसांच्या भावाची सरासरी काढून, किती टक्के समभाग आपापल्या सरासरीच्या वर आहेत हे पाहायचे. तिसरी रीत उच्चांक-नीचांकाची. ५२ आठवड्यांतील सर्वोच्च भाव गाठणारे किती आणि सर्वांत खालचा भाव गाठणारे किती, याची तुलना करायची.

२०१८ चा धडा

व्याप्ती आटत जाण्याचे अलीकडचे ठळक उदाहरण जानेवारी २०१८ नंतरचे आहे. त्या महिन्यात मुंबई शेअर बाजाराच्या स्मॉलकॅप निर्देशांकाने उच्चांक गाठला आणि तेथून तो उतरणीला लागला. ऑगस्ट २०१९ पर्यंत तो सुमारे ४० टक्के घसरला होता. याच काळात सेन्सेक्सने मे २०१९ मध्ये प्रथमच ४०,००० चा टप्पा ओलांडला. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर तेजी होती, पण लहान कंपन्यांत पैसा असलेल्या घरांत चिंता होती. ज्यांनी केवळ सेन्सेक्स पाहिला त्यांना आपलाच फंड का उतरतो आहे हे उमगत नव्हते. चढ-उताराची मोजणी पाहणाऱ्याला ते आधीच दिसत होते.

परंतु याच उदाहरणात या साधनाची मर्यादाही आहे. व्याप्ती आटली म्हणून एखाद्याने २०१८ च्या आरंभीच मोठ्या कंपन्यांतील गुंतवणूकही काढून घेतली असती, तर पुढील दोन वर्षांत सेन्सेक्समध्ये झालेल्या सुमारे २० टक्के वाढीला तो मुकला असता. व्याप्ती इशारा देते, तारीख देत नाही. आटलेल्या व्याप्तीवरही बाजार महिनोन्‌महिने चढत राहू शकतो.

क्षेत्र लहान, मोजणी नाजूक

सेबीच्या ऑक्टोबर २०१७ च्या नियमानुसार क्षेत्रीय फंडाला किमान ८० टक्के रक्कम त्याच क्षेत्रात ठेवावी लागते. क्षेत्र खाली आले तरी फंडाच्या व्यवस्थापकाला दुसरीकडे आश्रय घेता येत नाही. तो निर्णय गुंतवणूकदारानेच घ्यायचा असतो. म्हणून संपूर्ण बाजाराची व्याप्ती पाहून भागत नाही, त्या क्षेत्राची स्वतंत्र मोजणी करावी लागते.

येथे एक अडचण येते. निफ्टी आयटी निर्देशांकात केवळ १० कंपन्या आहेत. समजा, एखाद्या क्षेत्रातील १० कंपन्यांपैकी दोन बड्या कंपन्यांचे वजन निम्मे आहे. त्या दोन ४ टक्क्यांनी चढल्या आणि उरलेल्या आठ २ टक्क्यांनी उतरल्या, तर निर्देशांक १ टक्क्याने वर दिसेल. फंडाचे मूल्यही बहुधा वाढलेले दिसेल. प्रत्यक्षात दहातील आठ झाडे रिकामी आहेत. दुसरीकडे, इतक्या थोड्या कंपन्यांत एका कंपनीचा भाव किंचित सरासरीच्या वर गेला तरी टक्केवारी १० ने उडी घेते. त्यामुळे एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नसतो. सलग काही आठवडे कल एकाच दिशेने असेल तरच त्याची दखल घ्यावी.

शिवाय प्रत्येक हालचालीची किंमत मोजावी लागते. २३ जुलै २०२४ पासून समभागांचा फंड वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के कर आहे. वर्षानंतरच्या नफ्यावर, वार्षिक सव्वा लाखाच्या पुढील रकमेवर, साडेबारा टक्के आहे. अनेक योजनांत लवकर बाहेर पडल्यास १ टक्क्यापर्यंत एक्झिट लोडही कापला जातो. एक लाखाचे काही महिन्यांत एक लाख बारा हजार झाले आणि विकले, तर १ टक्का लोड आणि कर वजा जाता बारा हजारांपैकी सुमारे आठ हजार सातशे हाती येतात; उपकर वेगळा. शेअरप्रमाणे फंड क्षणोक्षणी विकताही येत नाही. दुपारी तीनपूर्वी दिलेल्या आदेशाला त्या दिवसाअखेरचा भाव मिळतो. अशा साधनाने रोज खरेदी-विक्री करू पाहणारा शेवटी सरकार आणि फंड कंपनी यांच्यासाठीच राबतो.

अलिबागची वेधशाळा

मोजमाप कसे करावे याचा वस्तुपाठ रायगडच्याच किनाऱ्यावर आहे. मुंबईत कुलाब्याला भूचुंबकत्वाचे वेध घेणारी वेधशाळा होती. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात विजेवर चालणाऱ्या ट्रॅम येणार हे ठरले. त्या विजेने चुंबकसूचीचे मोजमाप बिघडणार, म्हणून वेधशाळा अलिबागला हलवण्यात आली. १९०४ मध्ये अलिबागला काम सुरू झाले, पण कुलाब्याचे वेध लगेच थांबवले नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी ठेवल्या गेल्या, दोन्हींतील फरक समजून घेतला गेला आणि मगच नव्या जागेवर विसंबले गेले.

व्याप्तीचे साधन वापरू इच्छिणाऱ्याने एवढे दोन धडे घेतले तरी पुरे. गोंगाटापासून दूर राहावे. दिवसभर पडद्याकडे पाहण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, वहीत नोंद करावी. आणि पैसा लावण्यापूर्वी निदान वर्षभर कागदावर चाचणी घ्यावी. ‘क्षेत्रातील निम्म्याहून अधिक कंपन्या २०० दिवसांच्या सरासरीच्या वर असतील तरच नवा हप्ता’ यासारखा एखादा साधा नियम लिहून ठेवावा. तो पाळला असता काय झाले असते आणि हप्ते नियमित भरत राहिलो असतो तर काय झाले असते, याची तुलना करावी. पुष्कळ वेळा नियमित हप्तेच सरस ठरलेले आढळतील, आणि हे स्वतःच्या वहीत उमगले तर त्यासारखा लाभ नाही.

आनंद श्रावकाचे तीन भाग

उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद गाथापतीचे वर्णन आहे. त्याची बारा कोटी सुवर्णमुद्रांची संपत्ती तीन समान भागांत होती. चार कोटी भांडारात ठेवलेल्या, चार कोटी व्यापारात लावलेल्या आणि चार कोटी घरसंसाराच्या वैभवात. भगवान महावीरांकडून श्रावकाची बारा व्रते घेताना त्याने या परिग्रहाला मर्यादा घालून घेतली. व्यापारातील धनाला जोखीम असते हे तो जाणत होता. पण भांडारातील भाग त्या जोखमीपासून अलग होता.

बँक क्षेत्रात पैसे ठेवणाऱ्या त्या शेजाऱ्याकडे पुन्हा पाहू. बँक निफ्टीने फेब्रुवारी २०२१ पर्यंत वर्षारंभीची जुनी पातळी ओलांडली होती. ज्याला थांबता आले त्याचे नुकसान भरून निघाले. ज्याला जून २०२० मध्ये छपरासाठी विकावे लागले त्याचे तोट्यात गेलेले लाखभर रुपये कायमचे गेले. औषधनिर्माण क्षेत्रातील शेजाऱ्याचे यशही काळाची कृपा होती; त्याच निर्देशांकाला एप्रिल २०१५ चा उच्चांक पुन्हा गाठायला २०२१ उजाडावे लागले. त्या वर्षी कोणाला विकावे लागते आणि कोणाला नाही, हे व्याप्तीच्या कोणत्याही मोजणीतून कळले नसते. ते घरातील पैशाच्या विभागणीवर अवलंबून होते.

म्हणून क्रम असा असावा. प्रथम भांडार: किमान वर्षभराचा खर्च आणि आपत्तीची तरतूद बँकेतील ठेवीत किंवा तत्सम सुरक्षित जागी. त्यानंतर दीर्घकाळाची व्यापक गुंतवणूक. क्षेत्रीय फंड सर्वांत शेवटी, आणि त्यालाही परिमाण हवे. एकूण गुंतवणुकीचा किती लहान हिस्सा, हे आधीच ठरवून लिहिलेले. तो हिस्सा तेजीमुळे ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाढला आणि त्याच वेळी क्षेत्राची व्याप्ती आटताना दिसली, तर वाढलेला भाग काढून भांडारात घालावा. या साधनाचा हाच सर्वांत निर्धोक उपयोग. अधिक मिळवण्याच्या ओढीला ते आवर घालते.

क्षेत्र निवडताना श्रावकाला आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. श्रावकाचारात पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत. विषाचा व्यापार, वने जाळणे अशी हिंसक उपजीविकेची साधने त्यांत येतात. नित्योपयोगी वस्तूंच्या क्षेत्रातील फंडातही सिगारेट आणि मद्य बनवणाऱ्या कंपन्या असू शकतात. फंड कंपनी दर महिन्याला गुंतवणुकीची यादी प्रसिद्ध करते. ती वाचणे हे भाव पाहण्याइतकेच आवश्यक आहे.

निसर्गमध्ये पडलेल्या वाड्यांत लोकांनी पुन्हा रोपे लावली. पाच-सात वर्षांची वाट पाहण्याची तयारी ठेवूनच पोफळ लावली जाते, आणि ती धरेपर्यंत घर चालावे म्हणून आंतरपीक घेतले जाते. शेअर बाजारात पैसा लावणाऱ्या कुटुंबालाही याच तयारीने उतरावे लागते.