कॅसिनोतील सुपरवायझर : खेळ दुसऱ्यांचा, जोखीम आपली

पणजी, खास प्रतिनिधी - मांडवीच्या पात्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांचा झगमगाट पणजीच्या रस्त्यावरून रोज रात्री दिसतो. पर्यटकाला त्यात दिसतात ते दिवे, फिरते चाक आणि पत्ते वाटणारा डीलर. या डीलरच्या मागे दोन पावलांवर हात पाठीशी बांधून उभा असलेला माणूस सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तो सुपरवायझर. काही ठिकाणी त्याला ‘इन्स्पेक्टर’ म्हणतात. दोन-चार टेबलांची जबाबदारी त्याच्याकडे असते. त्याच्यावर पिट बॉस, त्याच्यावर शिफ्ट मॅनेजर आणि सर्वांवर छतातील कॅमेरे अशी ही उतरंड आहे.

कॅसिनो चालतो कशावर, हे समजल्याशिवाय या नोकरीचे मर्म कळत नाही. एका शून्याच्या रूलेट चाकावर एकूण 37 घरे असतात. एका आकड्यावर लावलेली चिप जिंकली, तर एकास 35 या दराने पैसे मिळतात. म्हणजे लावलेली चिप धरून 36 हाती येतात. सदतिसावा भाग कॅसिनोचा. टक्केवारीत ही कमाई 2.7 इतकीच आहे. दोन शून्ये असलेल्या चाकावर ती 5.26 पर्यंत जाते. कॅसिनोला खेळाडूला फसवावे लागत नाही, ते याच कारणाने. गणितच त्याच्या बाजूचे आहे. मात्र ही कमाई बारीक असल्याने डीलरची एक चूकही महाग पडते, आणि सुपरवायझर नावाच्या माणसाची गरज तेथे निर्माण होते.

उदाहरण घेऊ. एका खेळाडूने 17 या आकड्यावर एक चिप ठेवली, त्या आकड्याच्या चारही रेषांवर एकेक आणि चारही कोपऱ्यांवर एकेक. बॉल 17 वरच थांबला. आता आकड्याचे 35, चार रेषांचे प्रत्येकी 17 याप्रमाणे 68 आणि चार कोपऱ्यांचे प्रत्येकी आठ याप्रमाणे 32, असे एकूण 135 चिप्सचे देणे झाले. चिप 500 रुपयांची असेल, तर 67 हजार 500 रुपये. हा हिशेब कागद न घेता, भोवतीचा गलका सुरू असताना काही सेकंदांत करायचा असतो. डीलर आकडा पुकारतो, सुपरवायझर तो मनात ताडून पाहतो आणि केवळ मान हलवतो. डीलरने एक रेषा चुकून दोनदा धरली, तर 8,500 रुपये जादा गेले. तेवढी रक्कम 2.7 टक्क्यांच्या हिशेबाने परत मिळविण्यासाठी त्या टेबलावर सरासरी तीन लाख 14 हजार 500 रुपयांच्या पैजा लागाव्या लागतात! शाळेत सतराच्या पाढ्याला कंटाळलेल्या मुलांना या पाढ्यावर कोणाचा पगार अवलंबून असतो, याची कल्पना नसते.

सुपरवायझरचा दिवस, खरे तर रात्र, टेबल उघडण्यापासून सुरू होतो. ट्रेमधील चिप्स डीलरसह मोजून पावतीवर सही करायची. मध्येच चिप्स कमी पडल्या तर नव्या मागवायच्या, फार साठल्या तर परत पाठवायच्या. प्रत्येक वेळी मोजणी, पावती आणि सही. खेळाडूने दिलेली रोकड डीलर हातातून हातात घेत नाही. ती आधी टेबलावर ठेवली जाते, मग कॅमेऱ्याला दिसेल अशी पसरून मोजली जाते. टेबल सोडताना डीलर दोन्ही तळवे उलटसुलट करून दाखवतो. बाहेरच्याला तो नमस्कारासारखा शिष्टाचार वाटतो; प्रत्यक्षात हातात चिप नाही, याचा तो पुरावा असतो.

रोकडीच्या नोंदी हा केवळ घरचा हिशेबही राहिलेला नाही. काळ्या पैशाच्या व्यवहारांना आळा घालणाऱ्या कायद्याच्या कक्षेत 2009 च्या दुरुस्तीने कॅसिनो आले. दहा लाखांवरील रोखीच्या व्यवहारांची माहिती आता केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला द्यावी लागते.

वाद झाला की कसोटी लागते. बॉल पडल्यानंतर हळूच चिप सरकविणे ही जगभरची जुनी लबाडी आहे. पण सरकविणारा लबाड आहे की केवळ उशीर झालेला नवखा, हे सुपरवायझरला त्या क्षणी ठरवायचे असते. आवाज चढवून चालत नाही आणि नमते घेऊनही चालत नाही. तो खेळ थांबवतो, चिप्सना कोणालाही हात लावू देत नाही आणि कॅमेरा कक्षाकडून चित्रण तपासून घेतो. समोरचा पाहुणा तोवर मद्याच्या अमलाखाली असू शकतो, किंवा पहाटेपर्यंत बरेच काही हरलेला असू शकतो.

या नोकरीचा अवघड भाग नेमका इथे आहे. कोणी किती वेळ खेळला, सरासरी किती लावले, याच्या नोंदी सुपरवायझरच करतो आणि त्यावरून पाहुण्याला फुकटचे जेवण, खोली वगैरे सवलती ठरतात. माणूस किती खोलात चालला आहे, हे त्याच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कोणाला दिसत नसावे. ब्रिटनमध्ये अशा कर्मचाऱ्यांना जुगार आयोगाचा वैयक्तिक परवाना घ्यावा लागतो आणि अडचणीत दिसणाऱ्या ग्राहकाशी बोलणे तेथील कॅसिनोंच्या परवान्याच्या अटींत येते. सिंगापूरमध्ये कुटुंबीय अर्ज करून आपल्या माणसाला कॅसिनोबंदी घालवून घेऊ शकतात. गोव्यात दारावरची चाळणी वयाची आणि रहिवासाची आहे. 21 वर्षांखालील व्यक्तीला प्रवेश नाही आणि 1 फेब्रुवारी 2020 पासून गोमंतकीयांना खेळण्यासाठी प्रवेशबंदी लागू झाली. नोकरीला मात्र ही बंदी नाही. त्यामुळे ज्या टेबलावर पैज लावता येत नाही, त्याच टेबलाची राखण गोव्याचा तरुण करतो आणि पलीकडे पुण्या-मुंबईहून आलेला पाहुणा बसलेला असतो.

त्या पाहुण्याला मांडवी गाठावी लागते, कारण महाराष्ट्रात कॅसिनो नाही. 1976 मध्ये राज्याने कॅसिनोविषयक कायदा केला होता, पण तो कधीच अमलात आला नाही आणि 2023 मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. गोव्याने त्याच 1976 सालच्या जुगारबंदी कायद्यात 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांसाठी आणि 1996 मध्ये जहाजांवरील टेबलांसाठी वाट काढली.

डीलरपासून सुपरवायझरपर्यंतचा प्रवास काही वर्षांचा असतो. रात्रपाळी, तासन् तास उभे राहणे आणि सण-सुट्टीच्या दिवशी हमखास कामावर असणे, ही त्याची किंमत. कसब मात्र कोठेही चालते. प्रवासी जहाजांवरील कॅसिनोंनाही हाच माणूस लागतो. लग्नाच्या बायोडाटात ‘हॉस्पिटॅलिटी’ असे लिहिण्याची सोय आहेच.

नोकरीच्या स्थैर्याचा प्रश्न वेगळा. चिप्सच्या पूर्ण दर्शनी मूल्यावर 1 ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के जीएसटी लागू झाला आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. जहाजे मांडवीतून हलविण्याची मागणीही जुनी आहे. सरकार वेळोवेळी मुदतवाढ देत आले आहे. 2020 च्या मार्चमध्ये करोनामुळे बंद झालेली टेबले पुन्हा उघडायला 1 नोव्हेंबर उजाडला होता. आठ महिन्यांच्या आसपासचा तो काळ, आणि गृहकर्जाचा हप्ता फेडणाऱ्यांत डीलर होते तसे सुपरवायझरही होते.