डोक्याला मार लागून तीन महिने झाले, तरी दुखणं थांबेना? मालिश, ‘मान मोडणं’ की फिजिओथेरपी, जाणून घ्या

अहिल्यानगर : दुचाकीवरून पडल्यावर सीटी स्कॅन नॉर्मल आला, टाकेही निघाले. पण डोकं ठणकायचं थांबत नाही. नगर-मनमाड महामार्ग असो की हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेले राहुरी, नेवाशाकडचे रस्ते, अपघातानंतर ही तक्रार अनेक घरांत असते. मग कुणी तेलमालिश सुचवतं, कुणी सलूनमध्ये मान मोडून घ्यायला सांगतं, तर कुणी हाडवैद्याचा पत्ता देतं. यातलं काय उपयोगी आणि काय धोक्याचं?

स्कॅन नॉर्मल, मग दुखतं का?
सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि फ्रॅक्चर दिसतं. मेंदूला बसलेला हादरा किंवा मानेच्या स्नायूंचा ताण सहसा दिसत नाही. मार लागल्यापासून सात दिवसांत सुरू झालेली डोकेदुखी तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकली, तर डॉक्टर तिला दीर्घकालीन डोकेदुखी मानतात. डोक्याला झटका बसतो तेव्हा मानही झटक्यात हलते. त्यामुळे काही जणांच्या दुखण्याचं मूळ मानेत असतं.

हातांच्या उपचारांनी फरक पडतो का?
- फिजिओथेरपी : दुखणं मानेतून येत असेल, तर सांध्यांना हलक्या हाताने दिलेली हालचाल आणि सोबत व्यायाम यांचा उपयोग होतो. नुसतं पडून दाबून घेणं पुरेसं नाही.
- एपली पद्धत : कूस बदलताना गरगरत असेल, तर कानातले सूक्ष्म कण जागेवरून हललेले असू शकतात. अशा वेळी डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण जागी आणले जातात. चक्कर बऱ्याचदा एक-दोन बैठकांत थांबते.
- क्रेनिओसॅक्रल थेरपी : कवटीची हाडं हलक्या स्पर्शाने सैल करण्याचा दावा केला जातो. पण मोठ्या माणसात ही हाडं घट्ट जुळलेली असतात. आराम वाटू शकतो, मात्र दाव्याला ठोस पुरावा नाही.
- तेलमालिश, शिरोधारा : ताण हलका होतो, झोप लागते. जखम पूर्ण भरण्याआधी नको.

मान मोडणं का टाळावं?
झटक्याने मान फिरवल्यास मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीचं अस्तर फाटू शकतं आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचित घडतं, पण घडलं तर नुकसान मोठं असतं. अपघातानंतर तर हा प्रयोग नकोच.

गोळ्यांचंही भान हवं
महिन्यात 15 किंवा त्याहून जास्त दिवस साधी वेदनाशामक गोळी घेतली जात असेल आणि असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर त्या गोळीमुळेच डोकं दुखू लागतं.

जायचं कुठे?
आधी डॉक्टरांची तपासणी, मग हातांचे उपचार. जिल्ह्यात लोणीचं प्रवरा ग्रामीण रुग्णालय आणि विळद घाटातलं विखे पाटील फाउंडेशनचं रुग्णालय, या दोन्ही संस्थांची फिजिओथेरपी महाविद्यालयं आहेत. खासगी ठिकाणी गेल्यास थेरपिस्टची नोंदणी आहे का, हे विचारा.

ही लक्षणं दिसली तर मालिश नको, थेट रुग्णालय
- वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या
- झटके, गुंगी, बरळणं
- हात-पाय लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं
- नाका-कानातून पाण्यासारखा स्राव

ज्येष्ठांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जास्त जपावं. त्यांच्यात कवटीखालचा रक्तस्राव हळूहळू साचतो आणि काही आठवड्यांनी लक्षणं दिसतात. ‘तेव्हा स्कॅन नॉर्मल होता’ म्हणून आज थांबू नका.