घरट्याबाहेरचे पहिले दिवस

चैत्र लागला की आमच्या या खानापूरकडील घाटमाथ्याच्या खेड्यांत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. परसात, रानात, इगर्जीच्या आवारात पाखरांची घरटी बांधण्याची धांदल उडते. आणि घरोघरी दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपलेली मुले, पुढे काय करावे या विवंचनेत ओट्यावर बसलेली दिसू लागतात. वैशाख सरेपर्यंत पुष्कळशी पिले उडून गेलेली असतात. ज्येष्ठात पहिला पाऊस पडतो न पडतो तोच मुलांच्याही पेट्या बांधल्या जातात. कोणी बेळगावच्या कारखान्यात, कोणी गोव्यातील हॉटेलात, कोणी बोटीवर, तर कोणी मुलगी बेंगळुरूस परिचारिकेच्या शिक्षणाला. मग मागे राहिलेल्या आईबापांच्या तोंडून ठरलेले उद्गार निघतात, "काय करायचे, फादर? पंख फुटले, उडून गेली पिले!"

हे उद्गार आम्ही इतक्या वेळा ऐकले आहेत की, पाखरे खरोखर कशी वागतात हे एकदा नीट पाहावे असे आमच्या मनाने घेतले. गेली काही वर्षे वसंतऋतूत सकाळची मिस्सा झाल्यावर घटका-दोन घटका पाखरे न्याहाळण्याचा आम्हांस छंदच जडला आहे. या छंदाला खर्च नाही. डोळे उघडे आणि तोंड बंद ठेवता आले म्हणजे झाले.

या दिवसांत पहाटे सर्वांत आधी जागा होतो तो दयाळ. काळापांढरा, शेपटी उभारून छपराच्या टोकावर बसतो आणि झुंजुमुंजू होण्यापूर्वीच शीळ घालू लागतो. त्याचे घरटे झाडाच्या ढोलीत नाहीतर भिंतीच्या भोकात. तांबट आंब्याच्या वाळल्या फांदीला चोचीने भोक पाडतो. तांबटाच्या हातोडीसारखा त्याचा 'टुक टुक' आवाज भर दुपारीही थांबत नाही. सुगरणीचा हंगाम मात्र आता नव्हे, तो पावसाळ्यात. जाता जाता सांगून टाकतो की, आपण जिला सुगरण म्हणून वाखाणतो तिचा तो झुलता खोपा नर विणतो. मादी येते, पारख करते आणि पसंत पडला तरच राहते. आमच्या गावच्या स्त्रियांना हे सांगितले तेव्हा त्या मनापासून हसल्या.

धनेशाची तऱ्हा सर्वांत निराळी. आमच्या पश्चिमेकडील रानात तो आहे, आणि पलीकडे दांडेलीस तर काळी नदीच्या परिसरातील जंगलाचा एक भाग २०११ साली खास धनेशांसाठी राखून ठेवण्यात आला. याची मादी मोठ्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा, माती, फळांचा गर यांनी ढोलीचे तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आठवड्यांमागून आठवडे नर रानातली उंबरे, फळे, किडे आणून त्या फटीतून तिला व पुढे पिलांना भरवतो. त्याचे काही बरेवाईट झाले तर आतल्या सगळ्यांवरच संकट! पिले वाढीस लागून ढोली अपुरी पडू लागली की काही जातींत आई भिंत फोडून बाहेर येते, आणि मागे राहिलेली पिले ती भिंत आतून पुन्हा लिंपून घेतात. त्यानंतर आईबाप दोघेही बाहेरून भरवतात. पिलांची वेळ आली म्हणजे भिंत पिलेच फोडतात. चिरेबंदी घरात मुलांना वाढवणाऱ्या आईबापांनी हे एकदा तरी रानात जाऊन पाहावे.

परंतु आम्हांस ज्याने खरे शिकवले तो घरचाच पक्षी, शिपाई बुलबुल. डोक्यावर काळा तुरा, गालावर लाल ठिपका. आमच्या निवासाच्या पडवीवर मधुमालतीचा वेल चढला आहे, त्यात एका जोडप्याने काड्या, मुळे आणि कोळ्याची जाळी यांची वाटीएवढी घरटी केली. तीन अंडी झाली. ती भारद्वाजाने खाल्ली. ज्या भारद्वाजाचे दर्शन लोक शुभ मानतात, तोच तो! जोडपे दोन दिवस कलकलाट करीत फिरले; मग फार दिवस न दवडता त्यांनी कढीलिंबाच्या झाडात दुसरे घरटे घातले. या वेळी अंडी टिकली. सुमारे बारा दिवसांनी पिले बाहेर आली, डोळे मिटलेली, अंगावर पीस नाही, नुसती चोच उघडून थरथरणारी. आईबाप दोघेही अळ्या आणि किडे आणून भरवू लागले. पिले थोडी मोठी झाल्यावर घाणेरीची फळे, पिकल्या उंबरांचे तुकडे असा आहार सुरू झाला. फेऱ्या मोजण्याचा नाद आम्ही पहिल्या दिवशीच सोडून दिला.

आणखी बाराएक दिवसांनी पिले घरट्यातून निघाली. 'उडाली' असे आम्ही मुद्दामच म्हणत नाही. कारण त्यांना उडता येत नव्हते. शेपटी बोटभर, पंख आखूड, चोचीच्या कडा अजून पिवळ्या. एक पिलू खालच्या फांदीवर अडकले, दुसरे थेट जमिनीवर तुळशीच्या कुंडीमागे जाऊन बसले. आमच्या स्वयंपाकघरातील बाईंनी ते पदरात घालून आत आणले आणि दूध-भात भरवू लागल्या. वाचकांस येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. दरवर्षी या दिवसांत मुले आमच्याकडे अशी 'पडलेली' पिले घेऊन येतात. पिसे फुटलेले पिलू जमिनीवर दिसले म्हणजे बहुधा ते पडलेले नसते, निघालेले असते, आणि त्याचे आईबाप जवळच्या झाडावरच असतात. माणसाचा हात लागला की पाखरे पिलू टाकतात हा समजही खरा नाही. मांजर-कुत्रे दूर ठेवावे, पिलू जवळच्या झुडपात फांदीवर बसवावे आणि आपण बाजूस व्हावे. बाईंनी कुरकुरत का होईना, तसे केले. पाच मिनिटांत चोचीत अळी घेऊन बाप हजर!

पुढचे दहा-बारा दिवस आम्ही जे पाहिले त्यासाठीच हा लेख. घरटे ओस पडले होते, त्याकडे आता कोणी फिरकतही नव्हते. पण आईबापांचे कष्ट कमी झाले नव्हते, उलट वाढले होते. पूर्वी तिन्ही चोची एका जागी उघडत. आता एक पेरूवर, एक कुंपणात, एक विहिरीच्या काठावर. तिघांना तीन ठिकाणी शोधून भरवायचे, मांजर दिसले की ओरडून इशारा द्यायचा. हळूहळू घास थेट चोचीत देण्याऐवजी आई तो घेऊन हातभर दूरच्या फांदीवर बसू लागली. पिलू ओरडे, पंख फडफडवी, आणि अखेरीस तेवढे अंतर कापून जाई. उडण्याचे शिक्षण घरट्यात झालेच नाही. ते घरट्याबाहेर झाले, आणि आईबापांच्या खर्चाने झाले.

आता आपल्या घरांकडे पाहू. आमच्या माहितीतील एका मुलाला गोव्यात काम मिळाले. आठव्या दिवशी तो दूरध्वनीवर रडला, तेव्हा आईने धाकट्या दिराला पाठवून त्याला परत आणवले. आज तो तेवीस वर्षांचा आहे. घरी आहे, जेवतो, झोपतो; कुठे जाण्याचे नाव काढले की आईच्या तोंडाकडे पाहतो. कुंडीमागचे पिलू पदरात घालून आणण्यातलाच हा प्रकार. माया खोटी नव्हती. पण त्या मायेने पिलाचे पंख वाढले नाहीत.

दुसरे घर याहून अधिक वेळा आढळणारे. मुलगा जूनमध्ये गेला. त्याचा पहिला पगार हाती येण्याआधीच बापाने त्या पगाराच्या भरवशावर हप्त्याने मोटारसायकल घेतली. दर आठवड्यास घरून विचारणा, पैसे कधी पाठवतोस? मुलाने ठेकेदाराकडून उचल घेतली, एक वेळचे जेवण तोडले, आठ जणांच्या खोलीत दिवस काढले. सप्टेंबरात कावीळ होऊन घरी आला तेव्हा ओळखू येत नव्हता. बाप वाईट मनुष्य नाही. इगर्जीच्या कामात तो पुढे असतो. पण मूल घराबाहेर पडले त्या दिवसापासून घासाची दिशा फिरली असे त्याने धरले. बुलबुलाच्या जोडप्याने तसे धरले असते तर तिन्ही पिले चार दिवसांत मांजराच्या पोटात गेली असती.

आईबापांचा मान राखावा, म्हातारपणी त्यांना पोसावे, ही आज्ञा मुलांवर आहेच, आणि ती आम्ही प्रवचनात सांगत आलो आहोत. पाखरांना ती नाही. महिन्याभराने बुलबुलाचे पिलू आईस ओळख दाखवीत नाही. माणसाचे नाते उडून संपत नाही. म्हणूनच पहिले वर्ष घाईने ओरबाडून घेण्याचे कारण नाही, एवढेच आमचे म्हणणे. पहिल्या वर्षी मुलाकडून काही मागू नये. जमल्यास महिन्याकाठी थोडे आपणच पाठवावे, आणि दूरध्वनीवर पगाराआधी जेवणाची चौकशी करावी.

हे नवीन सांगणे नव्हे. आपल्यापैकी अनेक घराण्यांचे मूळ गोव्यात आहे. आपले पूर्वजही कधीतरी घाट चढून आलेली पिलेच होती. त्याच गोव्यातून एकोणिसाव्या शतकापासून हजारो तरुण मुंबईस जाऊ लागले. कोणी खलाशी, कोणी स्वयंपाकी, कोणी वाजंत्री, कोणी शिंपी. त्यांना मोकळे सोडून गावे स्वस्थ बसली नाहीत. गावागावाने मुंबईत आपापली 'कूड' उभी केली. कूड म्हणजे खोली. धोबी तलाव, माझगाव या भागांत अशा शेकडो कुडी झाल्या; धोबी तलावाच्या जेर महाल इमारतीत तर कितीतरी एकत्र होत्या. भाडे नाममात्र. भिंतीला लागून ओळीने पेट्या, रात्री जमिनीवर चटई. एका बाजूस गावच्या संरक्षक संताची वेदी, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून जपमाळ. बोटीची वाट पाहणारा खलाशी तेथे महिनोन्महिने राही. आजारी पडला तर त्याच्याच वाड्यातला कोणी उशाशी असे. गावाचा सण मुंबईतही साजरा होई. कुडींत सगळेच संतमहंत होते असे कोणी समजू नये. दारू होती, भांडणे होती. शिवाय कूड पुरुषांसाठी होती. घरकामास, दाया म्हणून गेलेल्या बायकांना तिच्यात जागा नव्हती, हे तिचे मोठेच न्यून. आता पुष्कळशा कुडी बंद झाल्या आहेत, काही अजून चालू आहेत. पण नुकत्याच निघालेल्या पिलाला बसायला जवळची फांदी हवी, ही गोष्ट त्या निरक्षर खेडुतांना आपल्याहून अधिक कळत होती असे आम्हांस वाटते.

आज जाणाऱ्यांत मुलींची संख्या मोठी आहे, आणि त्यांच्या आईबापांची भीती निराधार नाही. वसतिगृह कोण चालवते, रात्रपाळीहून परतताना सोबत कोण, मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या ताब्यात राहतात, हे बापाने स्वतः जाऊन पाहावे. एक दिवसाची मजुरी बुडेल, बुडू द्यावी. धनेशाचा नर फळे शोधीत सारे रान पालथे घालतो, त्यापुढे बेंगळुरूची एक रात्रीची गाडी फार नव्हे.

आमच्या धर्मग्रामात आम्ही एक वही ठेवली आहे. तिच्यात तीन रकाने आहेत: जाणाऱ्याचे नाव, कामाचे वा शिक्षणाचे ठिकाण, आणि त्या शहरात राहणारे आपल्या गावचे कुटुंब. पहिले दोन रकाने भरतात. तिसऱ्यासाठी शहरांत स्थायिक झालेल्या आपल्या लोकांनी नाव द्यावे लागते: महिन्यातून एका रविवारी नवख्या मुलाला जेवायला बोलावणे आणि अडीअडचणीला दार उघडणे, यापलीकडे काही मागणे नाही. बेळगाव व मडगाव येथून नावे आली आहेत. बेंगळुरूची दोनच आहेत, आणि तेथे जाणाऱ्या मुली अधिक. हा अंक ज्यांच्या हाती पडेल व ज्यांचे कोणी त्या शहरात असेल, त्यांनी मे महिन्याच्या अखेरीपूर्वी आपल्या धर्मगुरूंकडे नाव द्यावे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुली निघतात.