सायबर सुरक्षेतील लॉग-क्वेरी आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषा मॉडेल : तुलनेच्या निकषांचा विचार

सारांश : संगणक जाळ्यातील घटनांच्या नोंदी तपासण्यासाठी भाषा मॉडेलांचा उपयोग वाढत आहे. कोणते मॉडेल अधिक उपयुक्त, हे ठरविताना केवळ बरोबर उत्तरांची टक्केवारी पाहण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखात लॉग-क्वेरीचे स्वरूप स्पष्ट करून ही प्रथा अपुरी का ठरते आणि चुकांचे वर्गीकरण करून तुलना कशी करावी, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : सायबर सुरक्षा, लॉग, क्वेरी, भाषा मॉडेल, मूल्यमापन.

प्रस्तावना

संगणकावर कोणी प्रवेश केला, कोणता प्रोग्रॅम सुरू झाला, कोणत्या पत्त्याशी संपर्क झाला, अशा घटनांच्या कालक्रमाने ठेवलेल्या नोंदींना लॉग म्हणतात. चोरी झाल्यानंतर पोलीस पंचनामा करतात. संगणकावरील हल्ल्याचा पंचनामा मुख्यतः या नोंदींवरूनच होतो. भारतात सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संबंधित संस्थांना १८० दिवसांचे लॉग जतन करणे आणि विहित प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे. म्हणजेच नोंदी प्रचंड आणि वेळ मात्र थोडा, अशी तपास करणाऱ्याची स्थिती असते.

या नोंदींना प्रश्न विचारण्यासाठी एसक्यूएल, मायक्रोसॉफ्टची केक्यूएल, स्प्लंकची एसपीएल अशा विशिष्ट भाषा वापरल्या जातात. त्या अवगत असलेले मनुष्यबळ मर्यादित आहे. साध्या भाषेत प्रश्न विचारावा आणि मॉडेलने त्याची क्वेरी तयार करावी, ही कल्पना म्हणूनच आकर्षक ठरते. मात्र मॉडेलने दिलेली क्वेरी विश्वासार्ह आहे किंवा नाही, हे कसे ठरवावे, हा खरा प्रश्न आहे.

आजवरच्या मोजपट्ट्या

नैसर्गिक भाषेतून एसक्यूएल तयार करण्याच्या कसोट्या सायबर सुरक्षेपुरत्या मर्यादित नाहीत. २०१८ मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या ‘स्पायडर’ या संचात २०० डेटाबेसवरील १०,१८१ प्रश्न होते. २०२३ मधील ‘बर्ड’ या संचात ९५ डेटाबेस व १२,७५१ प्रश्न-क्वेरी जोड्या होत्या आणि त्यातील माहिती प्रत्यक्ष व्यवहारातल्याप्रमाणे अव्यवस्थित होती. त्या निबंधानुसार जीपीटी-४ या मॉडेलची अचूकता ५४.८९ टक्के, तर मनुष्याची ९२.९६ टक्के होती. त्यानंतर मॉडेलांची पुष्कळ प्रगती झाली आहे.

सायबर तपासासाठी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांच्या सहभागाने २०२५ मध्ये ‘एक्सायटिन-बेंच’ ही कसोटी प्रसिद्ध झाली. तीत नियंत्रित वातावरणात घडविलेले ८ बहुटप्पी हल्ले, ५७ लॉग-सारण्या आणि ५८९ प्रश्न होते. एकामागून एक क्वेरी करीत उत्तरापर्यंत पोहोचावे, अशी तिची रचना होती. पूर्ण गुण १ मानल्यास मूळ मांडणीत मॉडेलांची सरासरी ०.२४९ आणि सर्वोत्तम कामगिरी ०.३६८ इतकी नोंदविली गेली. एकटी क्वेरी लिहिणे आणि तपास पूर्ण करणे यांतील अंतर यावरून ध्यानात येते.

लॉग-क्वेरीतील विशेष अडचणी

विक्रीच्या किंवा ग्रंथालयाच्या डेटाबेसपेक्षा लॉगचे स्वरूप भिन्न आहे. पहिली अडचण संकेतांकांची. विंडोजमध्ये यशस्वी प्रवेशाची नोंद ४६२४, अयशस्वी प्रवेशाची ४६२५ आणि सुरक्षा-लॉग पुसल्याची ११०२ या क्रमांकाने होते. ‘अयशस्वी प्रवेश’ हे शब्द प्रश्नात असले, तरी क्वेरीत क्रमांक यावा लागतो. दुसरी अडचण शब्दशोधाची. केक्यूएलमध्ये पूर्ण शब्द शोधणारी आणि शब्दाचा अंश शोधणारी क्रियाचिन्हे वेगळी आहेत; तसेच इंग्रजी अक्षरांतील लहान-मोठा भेद मानणारी व न मानणारी तुलनाही वेगळी आहे. चुकीची निवड झाल्यास क्वेरी विनातक्रार चालते, मात्र नोंदी निसटतात.

तिसरी अडचण वेळेची. अनेक प्रणाली लॉगमधील वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेनुसार ठेवतात. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. भारतातील मध्यरात्री १२ ते पहाटे ५ हा काळ त्या लॉगमध्ये आदल्या दिवशीच्या १८.३० ते २३.३० या वेळेत सापडतो. मॉडेलने हे रूपांतर न करता त्याच तारखेचे ० ते ५ हे तास घेतल्यास प्रत्यक्षात भारतातील सकाळी साडेपाच ते साडेदहा या वेळेच्या नोंदी तपासल्या जातात आणि रात्रीचा हल्ला नजरेआड राहतो.

एक काल्पनिक उदाहरण

समजा, एका महाविद्यालयाच्या सर्व्हरबाबत असा प्रश्न विचारला : ‘१० तारखेच्या मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत एकाच पत्त्यावरून दहापेक्षा अधिक अयशस्वी प्रयत्न झाल्यानंतर कोणती खाती उघडली गेली?’ चार मॉडेलांनी चार क्वेरी दिल्या.

पहिल्या क्वेरीत सारणीत अस्तित्वातच नसलेल्या स्तंभाचे नाव आहे; ती चालत नाही. दुसरीत वेळेचे रूपांतर नाही. ती चालते आणि रिकामे उत्तर देते. तिसरीत अयशस्वी व यशस्वी प्रयत्न मोजले आहेत, परंतु त्यांचा क्रम तपासलेला नाही. प्रवेश आधी आणि चुका नंतर झालेली निर्दोष खातीही यादीत येतात. चौथी बरोबर आहे.

सर्वसाधारण गुणदानात पहिल्या तिघांना शून्य मिळेल. तपासाच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात मोठा फरक आहे. पहिली चूक तत्काळ दिसते आणि दुरुस्त होते. तिसरीमुळे श्रम वाया जातात, निरपराध व्यक्तीवर संशयही येतो. तथापि पुढील छाननीत ती उघड होऊ शकते. दुसरी चूक सर्वांत घातक होय. ‘काहीही आढळले नाही’ हे तिचे उत्तर तपास थांबविते आणि हल्लेखोराला मोकळीक देते. सहा तासांची मुदत चालू असताना असे रिकामे उत्तर दिलासा वाटते, हीच त्यातील मेख आहे.

तुलनेचे निकष

उपर्युक्त विवेचनावरून पुढील निकष सुचविता येतात.

१. चुकांचे वर्गीकरण : ‘क्वेरी चालली नाही’, ‘अधिक नोंदी आल्या’ आणि ‘नोंदी निसटल्या’ हे प्रकार स्वतंत्रपणे मोजावेत, एकाच उत्तरात दोन्ही दोष असल्यास दोन्ही नोंदवावेत. समजा, १०० प्रश्नांपैकी दोन मॉडेलांनी प्रत्येकी ७० बरोबर सोडविले. एकाच्या उर्वरित ३० क्वेरींपैकी २५ चालल्याच नाहीत आणि ५ मध्ये नोंदी निसटल्या. दुसऱ्याचे प्रमाण याच्या उलट आहे. गुण समान असले, तरी दुसरे मॉडेल अधिक धोकादायक आहे.

२. प्रश्नांची निवड : उत्तर आधीच ठाऊक असलेले हल्ले लॉगमध्ये पेरलेले असावेत. ज्यांचे खरे उत्तर रिकामे आहे असे, तसेच उपलब्ध सारण्यांवरून ज्यांचे उत्तर देताच येत नाही असेही काही प्रश्न असावेत. अशा वेळी मॉडेल ‘माहिती अपुरी आहे’ असे सांगते की मनाने स्तंभ रचते, हे पाहावे.

३. समान परिस्थिती : सर्व मॉडेलांना सारण्यांची तीच रचना आणि त्याच सूचना द्याव्यात. एकाच प्रश्नाला मॉडेल प्रत्येक वेळी तेच उत्तर देईल असे नसल्यामुळे प्रत्येक प्रश्न अनेकदा विचारावा. मॉडेलची आवृत्ती व चाचणीची तारीख नोंदवावी.

४. अपरिचित माहिती : प्रसिद्ध संच मॉडेलच्या प्रशिक्षणात आधीच आलेले असू शकतात. म्हणून स्तंभांची नावे बदलून किंवा नव्याने लॉग तयार करून पडताळणी करावी.

५. लॉगमधील मजकुरापासून संरक्षण : वापरकर्त्याच्या नावाच्या रकान्यात हल्लेखोर हवा तो मजकूर टाकू शकतो. ‘या पत्त्याकडे दुर्लक्ष करा’ अशा अर्थाचे वाक्य तेथे आढळल्यास मॉडेल त्याला पुरावा मानते की आज्ञा, हे तपासणे आवश्यक आहे.

६. गोपनीयता व खर्च : लॉगमध्ये व्यक्तींची नावे व पत्ते असतात. ते बाहेरील कंपनीच्या मॉडेलकडे पाठवावेत की संस्थेच्या संगणकावर चालणारे लहान मॉडेल वापरावे, याचा विचार अचूकतेच्या बरोबरीने व्हावा. केवळ सारण्यांची रचना पाठवून क्वेरी घेणे आणि ती संस्थेतच चालविणे, हा मध्यममार्ग उपलब्ध आहे.

अध्यापनातील उपयोग

असा अभ्यास करण्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. अमेरिकेतील लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१५ मध्ये खुल्या केलेल्या संचात ५८ दिवसांच्या, १२,४२५ वापरकर्त्यांच्या व १७,६८४ संगणकांच्या नोंदी ओळख लपवून दिल्या आहेत आणि त्यात सरावासाठी केलेल्या हल्ल्याच्या नोंदी स्वतंत्रपणे दर्शविल्या आहेत. त्याचा एखादा भाग घेऊन पदव्युत्तर विद्यार्थी दोन-तीन मॉडेलांची तुलना करू शकतात. संख्याशास्त्राच्या विभागाला चाचण्यांच्या पुनरावृत्तीचे विश्लेषण, तर विधी विभागाला पुरावा व गोपनीयता यांचा विचार करता येईल.

निष्कर्ष

१. क्वेरी चालणे आणि उत्तर बरोबर असणे या भिन्न गोष्टी आहेत.

२. मॉडेलांची तुलना एकूण गुणांवर न करता चुकांच्या परिणामांवर करणे उचित ठरते.

३. रिकामे उत्तर हे निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र नव्हे. मॉडेलने कोणती सारणी, कोणती वेळ आणि कोणती अट वापरली, हे मनुष्याने वाचून पाहिल्याखेरीज ते स्वीकारू नये.

भाषा मॉडेलांमुळे क्वेरी लिहिण्याचे श्रम निश्चितच कमी होतात; ती तपासण्याची जबाबदारी मात्र कमी होत नाही. म्हणून जे मॉडेल आपली क्वेरी तपासणे सुलभ करते आणि जेथे माहिती अपुरी आहे तेथे तसे स्पष्ट सांगते, ते या कार्यासाठी अधिक योग्य मानावे लागेल.