हाडातलं उरलंसुरलं

"पूर्वी माणसं काय खात होती हे म्हणे हाडं सांगतात. बघून या," एवढं सांगून संपादकांनी मला एका प्रयोगशाळेत धाडलं. तिथली यंत्रं बघायची राहिली बाजूला, मी आम्लाच्या एका काचनळीपाशीच रेंगाळलो.

ताज्या हाडाच्या वजनात जवळजवळ दोनतृतीयांश खनिज असतं, मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. उरलेल्यात थोडं पाणी आणि बाकी बहुतेक कोलॅजन हे प्रथिन. त्याची तिपेडी रचना १९५४ साली मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली. खनिज हाडाला कठीणपणा देतं, कोलॅजन चिवटपणा.

प्राचीन हाडातून हे कोलॅजन सोडवायचं काम तिथल्या संशोधक ताई करतात. हाडाचा घासून साफ केलेला तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात, थंडाव्यात, कित्येक दिवस ठेवायचा. खनिज विरघळून जातं, तरी तुकड्याचा आकार तसाच राहतो. चिमटीत धरला तर वाकतो. घाई केली, आम्ल कडक घेतलं, की हवं तेच तुटतं. म्हणून ताई आम्ल बदलतात, निरखतात, पुन्हा थांबतात. मग किंचित आम्लयुक्त पाण्यात तो तापवला की कोलॅजन विरघळतं. ते गाळून, गोठवून सुकवलं की हाती येतो सावरीच्या कापसासारखा पांढरा पुंजका. इतकं संयमी काम मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे.

पुढे मास स्पेक्ट्रोमीटर त्यातल्या कार्बन आणि नायट्रोजनची हलकी-जड रूपं मोजतो. ज्वारी-बाजरीत जड कार्बनचं प्रमाण गहू-तांदळापेक्षा जास्त असतं, आणि ते खाणाऱ्याच्या हाडात उतरतं. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या हाडात जड नायट्रोजन आईपेक्षा वाढलेला असतो. दूध तुटलं की तो उतरतो. घोडनदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या १९६८ ते १९८३ च्या उत्खननात घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली मुलं सापडली. त्यांचं दूध कधी तुटलं असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

अडचण आपल्या हवेची आहे. उष्ण, ओल्या मातीत कोलॅजन झपाट्याने तुटतं. ताज्या हाडात ते वजनाच्या वीसेक टक्के असतं. जुन्या हाडात एक टक्क्याखाली गेलं की निकालाचा भरवसा उरत नाही. कार्बन-नायट्रोजन अणूंचं गुणोत्तर २.९ ते ३.६ च्या बाहेर पडलं, तर नमुना बाद. इतके दिवस खपून ताईंच्या हाती कधी काहीच येत नाही, आणि हाडाचा तुकडा तर खर्च झालेला असतो. दाताचं एनॅमल जास्त टिकतं खरं, पण ते बालपणीच घडतं. मोठेपणीचं अन्न त्यातून कळत नाही.

त्यात माणसांनीही भर घातली आहे. ठिसूळ हाडं जपण्यासाठी पूर्वी त्यांना सरस लावत. सरस म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांतलं कोलॅजनच. ते आत मुरलं की खरं कोणतं आणि लावलेलं कोणतं हे वेगळं करणं महाकठीण. उत्खनन करणाऱ्यांना म्हणून कळकळीची विनंती: प्रत्येक सांगाड्याचा निदान एक छोटा तुकडा काहीही न लावता, कोरडा आणि थंड जागी, नोंद करून वेगळा ठेवा.