पूर्णविरामाचे वजन

सुरतेच्या महिधरपुऱ्यातील हिरेबाजारात काचेच्या पेटीत ठेवलेला नाजूक काटा दिसतो. वाऱ्याची झुळूकही त्याला चालत नाही. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. त्याचा शतांश म्हणजे सेंट, अवघा २ मिलिग्रॅम. चांगला काटा सेंटचाही दशांश दाखवितो. अशा गावातील विद्यार्थ्यांना विचारावेसे वाटते, की छापील पूर्णविरामातील शाईचे वजन किती असेल? (हे चिन्ह मराठीत रूढ केले ते मेजर कँडी यांनी, तत्पूर्वी आपले काम दंडावर भागत असे.)

कोरा कागद तोलावा, छापून पुन्हा तोलावा, हा विचार प्रथम सुचतो. आमच्या एका विद्यार्थ्याने तसेच केले. सकाळी तोललेला कागद दुपारी छापून आला तो हलकाच भरला. शाईचे वजन उणे आले! बिचारा तो आकडा खोडू पाहत होता. पण खोडण्यासारखे त्यात काही नव्हते. त्याने अचूकच मोजले होते. मात्र मोजली गेली ती शाई नव्हे, हवेतील ओल. प्रति चौरस मीटर ७० ग्रॅमचा, २१ सेंटिमीटर रुंद व २९.७ सेंटिमीटर लांब कागद सुमारे ४.४ ग्रॅम भरतो. तापीकाठच्या दमट हवेत त्यातील पाण्याचा अंश एक टक्क्याने वाढला, तरी ४४ मिलिग्रॅमचा फरक पडतो. उलट, मजकुराने पानाचा विसावा भाग व्यापला असे धरल्यास शाई जेमतेम ३ मिलिग्रॅम असते.

म्हणून मुद्रणाच्या प्रयोगशाळेत कागद तोलीत नाहीत. शाई लावलेली लहान चकती तोलतात, तिने कागदावर पट्टा उमटवितात आणि चकतीच पुन्हा तोलतात. चकतीवरून जेवढी शाई गेली, तेवढी कागदावर आली. ऑफसेट छपाईत अशी शाई चौरस मीटरला साधारणतः १ ग्रॅम पडते. म्हणजे थराची जाडी मिलिमीटरच्या सहस्रांशाएवढी.

आता उरते ते क्षेत्रफळ. हिरेपारख्याच्या दहापट भिंगातून पाहिले, तर पूर्णविरामाचा व्यास सुमारे ०.४ मिलिमीटर, म्हणून क्षेत्रफळ ०.१२६ चौरस मिलिमीटर. येथे जपावे लागते, कारण व्यासात दशांशाची चूक झाली तर क्षेत्रफळात पंचमांशाची होते. एका चौरस मीटरच्या क्षेत्रफळात असे सुमारे ८० लाख ठिपके मावतात. तेव्हा १ ग्रॅम शाईचे ८० लाख पूर्णविराम. थर कोठे दुप्पट, कोठे निम्मा असू शकतो. त्यामुळे हा अंदाजच होय, परंतु आधार असलेला.

त्या हिशेबाने एका सेंटला १६,००० पूर्णविराम लागतील. हिरेबाजारातील काट्याने दखल घ्यावी, म्हणजे सेंटचा दशांश भरावा, यासाठी १,६०० हवेत. या लेखात ते पन्नासही नाहीत.